मे महिन्यात मये तलावाकाठी राहिल्यास पणजीपेक्षा गारवा मिळेल का?

रात्री नाही, पहाटे आणि संध्याकाळी थोडाफार मिळेल, तोही वारा असेल तरच. मी मयेच्या जवळच, डिचोलीत राहतो, त्यामुळे हे रोजच्या अनुभवाचं. मे महिन्यात गोव्यात पारा साधारण ३३-३४ अंशांपलीकडे फारसा जात नाही, रात्री २६-२७ वर अडकतो. विदर्भातल्या माणसाला हे आकडे ऐकून हसू येईल, पण खरा त्रास दमटपणाचा. हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. रात्री दोरीवर टाकलेला टॉवेल सकाळी हाताला ओलसरच लागतो, त्यावरून समजा. पणजीला दुपारी समुद्राचं वारं सरळ लागतं. मये मात्र आत, डोंगरांच्या कुशीत, तिथपर्यंत पोचताना त्याचा जोर ओसरतो. शिवाय तलावाचं पाणी दिवसभर तापतं आणि रात्री सावकाश निवतं. खोली घ्याल तर समोरासमोर खिडक्या असलेली बघा, तलावाचं दृश्य नंतर. आणि मच्छरदाणी न्याच.

अपवाद एकच: महिन्याच्या उत्तरार्धात दुपारनंतर वळवाची सर आली, की तास-दोन तास हवा खरंच सुखाची होते. मग ऊन पडलं की पुन्हा घामाच्या धारा. मोसमी पाऊस गोव्यात साधारण ५ जूनच्या आसपास पोचतो, चार दिवस मागेपुढे. गारवाच हवा असेल तर जूनच्या मध्यानंतर या, फक्त छत्रीसोबत कपड्यांचे जास्तीचे जोड आणा.