मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधलं संशोधन: ‘आभार’, ‘सौजन्य’, ‘ऋणनिर्देश’ की ‘श्रेय’?

रत्नागिरीच्या एका गटाने खाड्यांमधल्या भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर केलं आहे. दाभोळच्या मुखाशी भरती आली की वाशिष्ठीतून वर गोवळकोटला ती किती उशिरा पोचते, उधाणाच्या मोठ्या भरतीला किती आणि भांगाच्या लहान भरतीला किती, हे एका सभासदाने पट्टी रोवून मोजलं आणि त्यावरून दुरुस्तीचं सूत्र बसवलं. कोडची ओळ मात्र त्याने एकही लिहिलेली नाही. त्याचं नाव कोणत्या शब्दाखाली घालायचं, असा गटाचा प्रश्न आहे.

उत्तर: श्रेय. ज्याने होडी दिली, जेटीवर पट्टी बांधू दिली, त्याचे आभार. छायाचित्र किंवा जुना नकाशा वापरू दिला, तर सौजन्य. ऋणनिर्देश त्याहून भारदस्त असला तरी तो लेखकाने लेखकेतरांचा करायचा असतो. त्या मथळ्याखाली नाव गेलं की माणूस कर्त्यांच्या यादीतून आपोआप बाहेर पडतो. इथे तर सूत्र काढणाराच कर्ता आहे. क्रियापदं पाहिली तरी फरक कळतो. आभार मानतात, ऋण व्यक्त करतात, श्रेय मात्र देतात, घेतात आणि लाटतातही. कुणी आभार लाटले असं आपण म्हणत नाही, कारण लाटायला आधी ती गोष्ट दुसऱ्याच्या हक्काची असावी लागते.

जोडशब्दही ठरवून वापरावेत. नावांची यादी ती श्रेयनामावली. नाव नोंदवण्याची कृती तो श्रेयनिर्देश, आणि परवान्याच्या अटीसाठी हाच शब्द योग्य. किनाऱ्याचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावरून घेतला असेल, तर त्याच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख करणं ही परवान्याची अट आहे. तिथे ‘साभार’ लिहिलं की ते ऐच्छिक वाटतं. ‘श्रेयांक’ विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत राहू द्यावा. इंग्रजी ‘क्रेडिट’च्या यंत्रानुवादातून येणारा ‘जमा’ हा शब्द खातेवहीतला आहे, तोही इथे नको.

शब्द ठरला तरी नोंद कुठे होते, हा खरा अडचणीचा भाग. कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणारं गिट हे साधन प्रत्येक कमिटमागे, म्हणजे बदलाच्या प्रत्येक नोंदीमागे, दोन नावं ठेवतं: लेखक आणि कमिट करणारा. सूत्र ज्याने टंकलं तोच बहुतेक वेळा दोन्हीकडे दिसतो आणि मोजणारा कुठेच नसतो. ‘गिट ब्लेम’ या आज्ञेवर विसंबू नये: ते ओळीला शेवटचा हात कुणी लावला एवढंच सांगतं. नंतर कुणी ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा नुसती सरकवली, तरी साध्या आज्ञेत त्याचंच नाव येतं. आयत्या बिळावर नागोबा, तोही नकळत.

उपाय म्हणजे कमिटच्या संदेशात शेवटी ‘को-ऑथर्ड-बाय’ (सहलेखक) ही ओळ, पुढे नाव आणि कोनी कंसात ईमेल. या ओळींच्या गठ्ठ्याआधी एक रिकामी ओळ हवी, गठ्ठ्याच्या आत नको. गिट फक्त शेवटचा परिच्छेद तपासतं, त्यामुळे मध्ये रिकामी ओळ पडली की वरची नावं गळतात. ओळीचं शीर्षक रोमन लिपीतच लिहावं लागतं. तिथे गिटला रोमन अक्षरं, अंक आणि जोडरेघ एवढंच कळतं, म्हणून ‘श्रेय:’ लिहिलं तर तो साधा मजकूर ठरतो. पुढचं नाव देवनागरीत खुशाल लिहावं.

नुसती कल्पना सुचवली असेल तर लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात, ‘सजेस्टेड-बाय’ वापरतात, चूक कळवणाऱ्याला ‘रिपोर्टेड-बाय’, तपासून पाहणाऱ्याला ‘टेस्टेड-बाय’. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ला श्रेय समजण्याची चूक फार होते. 2004 पासून कर्नलमध्ये असलेली ती ओळ म्हणजे ‘हा कोड देण्याचा मला अधिकार आहे’ असा दाखला; मराठीत तिला दाखलाच म्हणावं. नाव घालण्याआधी त्या माणसाला विचारावं, कल्पना खासगीत सांगितली असेल तर नक्कीच. ईमेल एकदा इतिहासात गेला की तो काढताना त्या कमिटचा आणि पुढच्या सगळ्या कमिटांचा हॅश, म्हणजे ओळखखूण, बदलतो.

मोजणीही करताना जपावं. कुणाचे किती कमिट हे सांगणारी ‘गिट शॉर्टलॉग’ ही आज्ञा एरवी लेखकच मोजते. सहलेखक धरायचे तर 2020 मधल्या 2.29 आवृत्तीपासून आलेला ‘ग्रुप’ हा पर्याय द्यावा लागतो. श्रेयनामावली या यादीवरून बनवली आणि पर्याय विसरला, तर पट्टी मोजणारा पुन्हा गायब.

दुसऱ्याने आपलं काम उद्धृत करावं यासाठी प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये ‘साइटेशन डॉट सीएफएफ’ ही फाइल ठेवतात. हिच्या बाबतीत मराठीत ‘संदर्भ’ म्हणावं, श्रेय नव्हे. लेखकांच्या यादीत सूत्र काढणाऱ्याचं नाव घालावंच, आणि भरतीच्या नोंदी वेगळ्या प्रसिद्ध केल्या असतील तर त्या ‘रेफरन्सेस’ या भागात. झेनोडो या संशोधनसाहित्याच्या संग्रहस्थळावर प्रत ठेवली तर प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) मिळतो, शिवाय सगळ्या आवृत्त्यांसाठी एक सामाईक. भरतीचं भाकीत नेमकं कोणत्या सूत्राने केलं हे सांगायचं तर आवृत्तीचाच द्यावा.

एकाच माणसाचं नाव कुठे देवनागरीत, कुठे रोमनमध्ये पडलं असेल तर गिटच्या ‘डॉट मेलमॅप’ फाइलीत दोन्ही रूपं एका ओळीत जोडावीत. नाहीतर यादीत एकाची दोन माणसं होतात.