माल्टा बेटावरील सण, चालीरीती आणि रोजचे जीवन कसे असते?

पुढील वर्षी नोकरीसाठी माल्टाला यायचे असल्याने येथील सण आणि दिनक्रम यांविषयी आपण विचारले आहे. मी सहा वर्षे ओर्मी या गावात राहतो (स्पेलिंग क्यू या अक्षराने सुरू होते, पण त्याचा उच्चार घशातच विरतो), त्यामुळे माझे उत्तर राजधानी व्हॅलेटापेक्षा गावाकडे झुकलेले असेल. माझ्या मते माल्टा कळतो तो गावातच.

गोझो आणि कोमिनो ही बेटे धरूनही हा देश 316 चौरस किलोमीटरचा, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीहून लहान आहे. तरीही प्रत्येक गावाचा आपला संत असतो आणि त्याची 'फेस्ता', म्हणजे त्या संताचा वार्षिक उत्सव, बहुधा उन्हाळ्यात येते. ओर्मीत तर दोन पॅरिश (चर्चचे स्थानिक विभाग) आहेत, संत जॉर्ज आणि संत सेबॅस्टियन यांचे. पहिल्याची फेस्ता जूनअखेर, दुसऱ्याची जुलैत होते, आणि आपण कोणत्या बाजूचे, हे नवख्या भाडेकरूलाही हसत हसत विचारले जाते.

फेस्ताचा कणा म्हणजे बँड क्लब. चौकातल्या त्याच्या इमारतीत खाली बार असतो, वादक तेथे सराव करतात, तरुण मंडळी रस्त्यांवर रेशमी पताका आणि लाकडी चौथऱ्यांवर पुतळे उभारतात, दारोदार वर्गणी जमवली जाते, आणि शोभेचे दारूकाम वर्षभर राबणारे हौशी स्वयंसेवक स्वतः करतात. या कामात जीवघेणे अपघातही झाले आहेत. गणेश मंडळांतील चुरस पाहिलेल्या माणसाला हे सारे ओळखीचे वाटेल. फरक एवढाच की येथे विसर्जन नसते: संताची तीच जुनी मूर्ती खांदेकरी गावभर मिरवतात आणि रात्री पुन्हा चर्चमध्ये नेऊन ठेवतात. 2023 मध्ये युनेस्कोने फेस्ताला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. मात्र त्या आठवड्यात सकाळपासून आकाशात नुसते धडाडधूम बार उडतात, हेही लक्षात असू द्यावे. माझी रात्रपाळी असते तेव्हा मला या वारशाचे कौतुक जरा कमी वाटते.

संपूर्ण देशाच्या सणांपैकी 15 ऑगस्टच्या सान्ता मारियाला (येशूची आई मरिया हिच्या स्वर्गारोहणाचा सण) वेगळे वजन आहे. 1942 मध्ये दुसऱ्या महायुद्धातील वेढ्यामुळे बेटावरील अन्न आणि इंधन संपत आले असताना मदतीच्या ताफ्यातील 'ओहायो' हे मोडके तेलवाहू जहाज इतर जहाजांच्या आधाराने नेमके याच दिवशी बंदरात पोहोचले. तो ताफा येथे आजही सान्ता मारियाच्या नावाने ओळखला जातो. आम्हा भारतीयांना त्या दिवशी सुट्टी मिळते, तेव्हा झेंडावंदनासाठी रजा मागावी लागत नाही. 29 जूनच्या इम्नार्याला, म्हणजे संत पीटर आणि संत पॉल यांच्या सणाला, लोक बुस्केटच्या झाडीत जमून सशाचे मांस खातात, तर 8 सप्टेंबरला 1565 च्या ऑटोमन तुर्कांच्या वेढ्यातील विजयाची आठवण म्हणून बंदरात होड्यांच्या शर्यती होतात.

रोजच्या जगण्यात अनेक दुकाने दुपारी काही तास बंद असतात, वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, आणि इंग्रजी अधिकृत भाषा असल्याने कचेऱ्यांत अडत नाही. माल्टीज भाषा मात्र अरबीच्या कुळातील असून रोमन लिपीत लिहिली जाते, म्हणूनच कट्टर कॅथलिक आजीबाईही देवाला 'अल्ला' आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला 'रांदान' म्हणतात. न्याहारीला रिकोटा किंवा वाटाण्याचे सारण भरलेली पास्तित्सी मिळते. शाकाहारी असाल तर पारीत चरबी आहे का, हे विचारून घ्यावे. ओर्मी हे जुने भट्टीवाल्यांचे गाव असल्याने येथील पावाला टोमॅटो चोळून, वर ऑलिव्ह तेल घालून खाल्ले, तर दुपारचे जेवण त्यावरच होते.

एक घरगुती प्रथा आपल्याला जवळची वाटेल. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला 'उच्चीया' करतात: तबकात पुस्तक, जपमाळ, पैसे अशा वस्तू मांडून बाळ काय उचलते, त्यावरून त्याच्या पुढच्या व्यवसायाची गंमत करतात. आमच्या घरी उष्टावणाला हेच केले जायचे, असे मी शेजारच्या आजींना सांगितले, तेव्हापासून त्या मला परका मानत नाहीत.

भाड्याचे घर पाहताना चर्चच्या चौकापासून दोन गल्ल्या आत पाहावे, आणि करार करण्याआधी त्या गावची फेस्ता केव्हा असते, ते घरमालकाला विचारावे.