जेवताना कवळी काढून ठेवणारे काका

"मॅडम, बाबा दिवसभर कवळी लावून असतात. जेवायची वेळ झाली की काढून डबीत ठेवतात. मग ती बनवली कशाला?" नागपूरच्या महाल भागातून सासऱ्यांना घेऊन आलेली सून विचारत होती. काका, वय 71, शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेले. दीड महिन्यात वजन चार किलोने उतरलेलं. घरच्यांना वाटत होतं, डिप्रेशन आलंय. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

नागपुरात ज्येष्ठांबरोबर काम करताना हा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो: कवळीच चुकली, की आपल्यालाच जमत नाही?

सुनेला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा काका बोलले. कवळी बसवून आठवडा झाला होता. फेब्रुवारी, भाचीचा साखरपुडा. जेवणानंतर मृग बहाराची संत्री आली. एक फोड तोंडात टाकली आणि बी खालच्या कवळीखाली जाऊन बसलं. दात दाबले की कळ मस्तकात. शेवटी चारचौघांत, रुमालाआड कवळी काढावी लागली. एका पोराने पाहिलं आणि ओरडला, "आजोबाचे दात निघाले!" सगळे हसले.

"तेव्हापासून घास घेतला की तेच आठवते," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

सुनेने मायेपोटी उपाय शोधला होता. पोळी-भाजी मिक्सरमधून काढून वाटीत द्यायची. बाकीच्यांच्या ताटात पाटोडीचा झणझणीत रस्सा आणि काकांपुढे करडा लगदा. ती बिचारी कामावरून येऊन हे करत होती, तिला दोष देणं मला पटत नाही. पण त्या वाटीकडे पाहून काकांना वाटे, आपलं खाणं आता संपलं.

मी दंतवैद्य नाही. पण इतक्या वर्षांत डॉक्टरांकडून जे समजून घेतलं, ते काकांना सांगितलं. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर मूळ दातांच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच असतो. वरची कवळी टाळूवर पसरते आणि लाळेच्या पातळ थरामुळे धरून राहते. खालची घोड्याच्या नालेसारखी, टेकायला जागा कमी, त्यात जीभ तिला सारखी ढकलणार. ती थोडी हलणारच. जीभ आणि गाल तिला सांभाळायला शिकतात, त्याला सहा ते आठ आठवडे सहज जातात. सुरुवातीला लाळ फार सुटते, कारण तोंडाला कवळी म्हणजे घासच वाटतो. हे सगळं सरावाने कमी होतं. आणि काका तर जेवतानाच कवळी काढत होते! दीड महिना झाला, पण सराव आठवडाभराचाच.

मग विचारलं, "एकाच ठिकाणी दुखतं का?" त्यांनी लगेच डाव्या जबड्यावर बोट ठेवलं. तिथे फोड होता. सवय होईल म्हणून सोसत होते. इथे मात्र मी कडक झाले. हलणं, लाळ, बोलताना अडखळणं यांना वेळ द्यावा. जखम सोसायची नसते. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी काही तास कवळी लावून ठेवा म्हटलं, म्हणजे ती कुठे टोचते ते त्यांना नेमकं दिसतं. घरी कानशीने घासायला जाऊ नका, हेही बजावलं, कारण तसं करणारे मी पाहिले आहेत. डॉक्टरांनी कड घासून दिली, दुखणं आठवड्यात गेलं. वजन इतकं उतरलं होतं म्हणून साखरही तपासून घ्यायला लावली. ती ठीक निघाली.

सरावासाठी आम्ही जागा ठरवली आतली खोली. दार लोटून, एकटं, घाई नाही. आधी मऊ वरण-भात, खिचडी, मग डाळीचे गोळे घातलेला गोळाभात. घास नेहमीच्या निम्मा. मागच्या दातांनी, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे घेऊन दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा, म्हणजे कवळी एका अंगाने उचलत नाही. पुढच्या दातांनी काहीही तोडायचं नाही. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात कधीच नाही, ती वाकडी होते.

सुनेला एवढंच म्हटलं, मिक्सर बाजूला ठेव, सुरी घे. सगळ्यांची तीच भाजी बारीक चिरून द्यायची. आणि घासागणिक "जमतंय का?" विचारायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात काका आपणहून पाटावर येऊन बसले. भाकरीचा मऊ पापुद्रा रश्शात बुडवून खाल्ला, कडा ताटातच ठेवल्या. सुनेने फोनवर हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज कापत होता.

मे महिन्यात ते एकटेच भेटायला आले. रविवारी सकाळी मित्रांबरोबर तर्री-पोहे, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा घातलेले पोहे, खायला जायला लागले होते. टाळू झाकलेली असल्याने तर्री किती गरम आहे ते तोंडात कळत नाही, एकदा घसा पोळला. आता चमचा आधी ओठाला लावून बघतात.

"आणि चणे?" मी विचारलं.

"ते अजून बशीच्या कडेला काढून ठेवतो. मित्र खाते."