वाचकांचे प्रश्न : फोटोतील उंचीवरून अंतर

प्रश्न : संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या मित्राचा फोटो मी मोबाइलने काढला. फोटोतील त्याच्या आकारावरून आमच्यातील अंतर काढता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काढता येईल, मात्र मित्राची खरी उंची ठाऊक हवी, कारण जवळचे लहान मूल आणि लांबचा उंच माणूस फोटोत सारखेच भरू शकतात. पुढचे सारे गणित दहावीच्या भूमितीतील समरूप त्रिकोणांचे आहे. वस्तू दुप्पट लांब गेली की तिची प्रतिमा निम्मी होते, म्हणजे अंतर आणि प्रतिमेची उंची यांचा गुणाकार कायम राहतो.

लेन्सची माहिती शोधत बसण्यापेक्षा एकदा गल्लीतच मोजणी करावी, हे बरे. एक मीटर लांबीची काठी उभी धरून, टेपने मोजलेल्या १० मीटरवरून तिचा फोटो काढावा. समजा, काठी ३०० पिक्सेल भरली, तर त्या कॅमेऱ्याचा स्थिरांक ३००० झाला. वस्तूच्या मीटरमधील उंचीला या आकड्याने गुणून प्रतिमेच्या पिक्सेलनी भागले की अंतर मीटरमध्ये मिळते. १.७ मीटर उंचीचा मित्र ५१ पिक्सेल भरला, तर तो १०० मीटरवर आहे.

मोजताना एका पिक्सेलची चूक सहज होते. १०० मीटरवर तिच्यामुळे उत्तर सुमारे २ मीटरने हलते; पण ३०० मीटरवर, जेथे मित्र जेमतेम १७ पिक्सेलचा उरतो, तीच चूक सुमारे १८ मीटरची होते, कारण ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उंची १० सेंटिमीटरने चुकीची धरली, तर उत्तर सुमारे ६ टक्क्यांनी चुकते आणि पिक्सेल कितीही जपून मोजले तरी ते सुधारत नाही.

दोन्ही फोटो एकाच लेन्सने, झूम न करता, वस्तू चौकटीच्या मधोमध ठेवून काढावेत. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो बहुधा आकसलेला असतो, तो वापरू नये.

रंकाळ्याच्या रुंदीसाठी मित्रापेक्षा काठावरचा दिव्याचा खांब घ्यावा. तो उंच असल्याने अधिक पिक्सेल भरतो. त्याची उंची काढण्यासाठी मित्राला, त्याची उंची आधी टेपने मोजून, खांबाला टेकून उभे करावे आणि थोडे मागे सरून, मोबाइल वर न कलवता फोटो घ्यावा. खांब मित्राच्या किती पट आहे, हे त्यावरून कळते.