भिंतीवरचं ते शेवाळ की मॉस?

प्रश्न असा आहे : पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीवर जी हिरवी मखमल उगवते, तिला शेवाळ म्हणणं चूक आहे का? शैवाल पाण्यातलं आणि भिंतीवरचं ते मॉस, असं विचारणाऱ्याच्या मुलीने शाळेच्या पुस्तकावर बोट ठेवून सांगितलं आहे.

वनस्पतिशास्त्राच्या तासाला मुलीचं म्हणणं बरोबर. घरी मात्र 'भिंतीला शेवाळ धरलंय' हे शुद्ध, जिवंत मराठी आहे आणि ते बदलायचं काही कारण नाही.

संस्कृतातलं शैवल पाण्यातलंच. कमळ शैवलाने वेढलेलं असलं तरी सुंदरच दिसतं, असं कालिदास 'शाकुंतला'त म्हणतो. मराठीने तोच शब्द विहिरीच्या पायऱ्यांवर, कौलांवर, कोकणातल्या जांभ्याच्या गडग्यांवर आणला. ओल टिकली, हिरवं धरलं, की ते शेवाळ. पायरी 'शेवाळते' असंही आपण म्हणतो. क्रियापद होण्याइतका शब्द मुरलेला आहे. पुढे विज्ञानाची परिभाषा घडली तेव्हा 'शैवाल' हे रूप अल्गीसाठी, म्हणजे मुख्यतः पाण्यात वाढणाऱ्या, खोड-पान नसलेल्या साध्या सजीवांसाठी ठरलं आणि बोलीतलं 'शेवाळ' पूर्वीसारखंच ऐसपैस राहिलं. दोन्ही रूपं सारखी ऐकू येतात, म्हणून गोंधळ होतो. बरं, मराठी विश्वकोशाने अल्गीला 'शैवले' म्हटलं आणि मॉस ज्या गटात येतं त्या ब्रायोफायटाला 'शेवाळी'! म्हणजे भिंतीवरच्या हिरव्याला शेवाळाच्या नात्यातला शब्द तज्ज्ञांनीही दिलाच आहे.

वस्तू मात्र खरोखर वेगळ्या आहेत. मोरीजवळचा बुळबुळीत हिरवा थर बहुतेक वेळा शैवालाचा. त्यात खोड-पान असं काही दिसत नाही. मॉसचा पुंजका बोटाला मऊ लागतो आणि भिंगातून पाहिलं की इवल्या खोडाभोवती पानं मोजता येतात. मुळं नसतात, नुसते धाग्यांसारखे मूलाभ असतात. आपल्याकडे भिंती आणि खडकांवर सर्रास आढळणारं एक मॉस म्हणजे हायोफिला इन्व्होल्यूटा. सिमेंट, चुन्याचे जुने सांधे त्याला चांगले मानवतात. 'इन्व्होल्यूटा' म्हणजे आत वळलेली : वाळलं की पानांच्या कडा आत गुंडाळतात आणि पुंजका काळपट, मेल्यासारखा दिसतो. उन्हाळ्यात अशा पुंजक्यावर पाण्याचे चार थेंब टाकून बघाच. पानं बघता बघता उलगडतात आणि हिरवी होतात. मला हे बघायला फार आवडतं.

गोड्या मसाल्यातलं दगडफूल या दोन्हींपैकी नव्हे. ते लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र नांदणं.

मॉससाठी 'हरिता' असा शब्द परिभाषेत आहे. शब्द देखणा आहे, पण लोकांच्या तोंडी बसला नाही, त्यामुळे तो लिहिलात तर कंसात 'मॉस' लिहावंच लागेल. त्यापेक्षा नेमकेपणा हवा तिथे सरळ 'मॉस' लिहावं. 'शैवाल' तेवढं भिंतीवरच्या मॉसला म्हणू नये, ती चूकच.

लिंगाबद्दलही विचारलं आहे. शेवाळ नपुंसकलिंगी : ते शेवाळ, हिरवं शेवाळ. 'शेवाळं' किंवा 'शेवाळे' हेही चालतं, त्याचं सामान्यरूप 'शेवाळ्या-' : शेवाळ्यावरून पाय घसरला. आणि साडीचा रंग सांगताना 'शेवाळी'.