एसीच्या ठेकेदाराची निवड

प्रश्न : नागपुरात आमच्या दुमजली घराचे बांधकाम सुरू आहे. प्लॅस्टर होण्यापूर्वी चार खोल्यांच्या ‘हॉट अँड कोल्ड’ एसीचे पाइप भिंतीत टाकून घ्यायचे आहेत. तीन ठेकेदारांची कोटेशन आली आहेत. सर्वांत स्वस्त कोटेशन देणाऱ्याने फोनवरच चारही खोल्यांना दीड टनाचा एसी सुचवला. सर्वांत महाग ठेकेदार मात्र घराची मोजमापे घेऊन गेला. निवड कशी करावी?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : मोजमापे घेणाऱ्या ठेकेदाराकडे माझा कल आहे, पण तेवढ्यावरून काम देऊन टाकू नये. एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट थंडावा. खोलीला किती टन लागतील, हे तिच्या आकाराइतकेच पश्चिमेची भिंत, खिडक्यांच्या काचा आणि डोक्यावर उघडी गच्ची आहे की दुसरा मजला, यांवर ठरते. त्यामुळे तळमजल्यावरच्या आणि गच्चीखालच्या खोलीला सारखाच आकडा सांगणाऱ्याने हिशेब केलेलाच नाही. यंत्र गरजेपेक्षा मोठे घेतले, तर खोली लवकर थंड होते, पण हवेतला दमटपणा पुरेसा निघत नाही, आणि पावसाळ्यात ते फार जाणवते.

तुमच्या बाबतीत खरी कसोटी पाइपच्या कामाची आहे, कारण प्लॅस्टर झाल्यावर ते पुन्हा दिसणार नाही. तिघांनाही विचारा, की भिंत बुजवण्यापूर्वी पाइपमध्ये नायट्रोजन भरून दाब तपासणार का. तो दाब चोवीस तास ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी साधारण त्याच वेळी गेजवरचा आकडा तुमच्यासमोर पाहावा, म्हणजे तापमानामुळे पडणाऱ्या फरकाने दिशाभूल होणार नाही. दुसरा प्रश्न व्हॅक्यूम पंपाचा. यंत्र जोडताना पाइपमधली हवा आणि ओल पंपाने काढायची असते. चांगला कारागीर मीटर लावून पाइपमधला दाब सुमारे पाचशे मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे इथे अगदी कमी दाब मोजण्याचे एकक) उतरवतो. वेळ वाचवण्यासाठी थोडा गॅस सोडून हवा ढकलून देण्याची वाईट पद्धत अजूनही चालते. तिने आत राहिलेली ओल कॉम्प्रेसरचे तेल खराब करते, आणि त्याचा परिणाम कदाचित दोन-तीन वर्षांनी दिसतो, तेव्हा दोष मात्र यंत्राला दिला जातो. शिवाय आज बऱ्याच एसींमध्ये असलेला आर-३२ गॅस काही प्रमाणात ज्वलनशील आहे, म्हणून ही पद्धत वापरणाऱ्याला काम देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आउटडोअर युनिट कुठे बसवणार, हेही प्रत्येक ठेकेदाराकडून नकाशावर दाखवून घ्या. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा वेळी बंदिस्त डक्टमध्ये कोंबलेले युनिट आपलीच गरम हवा पुन्हा ओढत राहते. हिवाळ्यात हेच यंत्र उलट चालून बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणते, त्यामुळे साध्या हीटरपेक्षा वीज बरीच कमी लागते. ड्रेन पाइपचा उतार, प्रत्येक एसीला स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंग या गोष्टी कोटेशनमध्ये असाव्यात.

कोटेशनची तुलना करताना तांब्याच्या पाइपची जाडी, त्यावरचे इन्सुलेशन आणि ठरलेल्या लांबीपुढचा प्रतिमीटर दर तिघांकडून लेखी घ्या. स्वस्त कोटेशनमधली तफावत बहुधा इथेच सापडते. कंपनीची वॉरंटी यंत्राची असते, भिंतीतल्या जोडांची जबाबदारी ठेकेदाराने वेगळी लिहून द्यावी. शेवटचा हप्ता यंत्रे चालू होऊन थंड आणि गरम अशा दोन्ही चाचण्या झाल्यावरच द्यावा.