हात आणि माती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या मुक्त शाळेत नववी-दहावीची मुलं सारवलेल्या भिंतीवर वारली चित्रं काढतात. सारवण भेगाळतं, पांढरा रंगही पोपडे धरून गळतो. काय चुकतं?

उत्तर : दोन्ही ठिकाणी जाडी नडते. शेणमातीचा जाड थर वरून सुकतो, आतून ओलाच राहतो आणि मग तडकतो. दोन भाग चाळलेली माती, एक भाग ताजं शेण, मूठभर भाताचं तूस असं मळून पातळ हात द्या. सावलीत वाळला की दुसरा. त्यावर गेरू.

पांढऱ्या रंगासाठी तांदूळ रात्रभर भिजवून गंधासारखे वाटा. बोटाला कण लागला तर पुन्हा वाटा, भरड पीठ भिंत धरत नाही. वाटीभर वाटणाला बाभळीच्या डिंकाचं चमचाभर पाणी पुरे. जास्त झालं की रेघ कडक होऊन उचकटते. आंबण्याआधी, त्याच दिवशी संपवा. बांबूच्या काडीचं टोक ठेचलं की कुंचला तयार.

एक मात्र सांगायलाच हवं : पालघट या वारल्यांच्या देवीचा लग्नचौक सरावासाठी काढायला लावू नका. तो लग्नविधीचा भाग, सवाशिणींनी काढायचा. मुलांना भातलावणी, तारपा या फुंकवाद्यावरचा नाच द्या. तारपा वाजवणाऱ्याभोवतीच्या नाचऱ्यांचं वेटोळं जमवताना हात निम्मा दिवस अडतोच.